पिवळं पाणी

जवळा बाजार गावाकडून पावणे जीप पाहायला येणार होते, म्हणून म्या सकाळीच वांग्याची भाजी टाकायला बसले. हळदीचा डबा उघडला तर निम्मा रिकामा. कालच तर गोरेगावच्या गिरणीतून घरची हळद दळून आणली होती अन् डबा काठोकाठ भरला होता. सून मोहिनीला आवाज दिला, "हळद कोणाला दिली का गं?"

"न्हाई आत्या, म्या तर डब्याला हातबी लावला न्हाई," ती म्हणली.

म्या डबा तसाच उघडा ठेवला. चुलीपुढून उठले अन् अंगणात लिंबाखाली उभ्या जीपकडं गेले. जीपच्या तोंडाखाली एक घमेलं ठेवलेलं असायचं. वरून पाणी ठिपकायचं, घमेल्यात साचायचं, अन् कोंबड्या तिथंच पाणी प्यायच्या. वरीसभर ते घमेलं म्या कधी कोरडं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कोंबड्या कोरड्या घमेल्यात चोची आपटून राहिल्या होत्या.

म्या मनात म्हणलं, प्रभ्या, मेल्या, हे काय करून बसलास तू.

प्रभू माहा लेक. एकुलता एक. अन् हळदीचं अन् जीपचं काय नातं, ते ज्याचं घर पोळलं त्यालाच ठाऊक. आमाला ते लई महागात पडून कळलं होतं.

आमी मेंढरं राखणारी माणसं. गोरेगावपासून जवळच्या वाडीत राहतो. हिंगोली जिल्हा होऊन चार-दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. गोरेगाव, सेनगाव, हिंगोली, साऱ्या रोडवर जीपा माणसं कोंबून पळत होत्या. आत बसायला जागा न्हाई तर लोक मागं लटकायचे, टपावर बसायचे. प्रभू कोणाच्या तरी जीपवर गाडी शिकला अन् माह्या मागं लागला, माय, मला मेंढरामागं जायचं न्हाई. माहा नवरा ज्ञानबा एरवी मेंढराच्या कानालाबी हात लावू देणार न्हाई असा. पण पोरासाठी त्यानं मेंढरायचं सारं खांड विकलं. दहा मेंढ्या ठेवल्या, तेबी हाताला सवय हाय म्हणून.

जीप घ्यायला आमी तिघं आखाडा बाळापूरला गेलो. मी काहून गेले म्हणताल तर मेंढरं माहीबी होती. तिथं आमच्या म्हाताऱ्यानं, ज्ञानबानं, जीप पाहिली ती बाजारात मेंढा पाहावा तशी. भोवती फिरला, टायरला लाथ मारली, गादी दाबून पाहिली, इंजिन चालू करून कान लावला. प्रभूनं एक चक्कर मारून आणली. धूर न्हाई, खडखड न्हाई. मंग जीप विकणाऱ्या माणसानं आपण होऊन पुढचं टोपण उघडलं, जिथं पाणी टाकतात तिथलं. आत पाहिलं तर पाणी पिवळं धमक.

म्हाताऱ्यानं हातच जोडले. आमच्यात नवी वस्तू घरात आली, जनावर विकत आणलं, तर त्याच्यावर देवाचा भंडारा उधळतात. त्याला वाटलं, हा माणूस तर गाडीच्या पोटातबी भंडारा वाहतो. "रोज वाहता वाटतं," म्हणला. तो माणूस हसला अन् म्हणला, "सारी देवाची कृपा." झालं. पुढं भावाची घासाघीस न्हाई का काही न्हाई. देवाच्या माणसाशी काय घासाघीस करायची. म्याबी पदर पुढं घेऊन जीपच्या पाया पडले. काहून पडणार न्हाई, पिवळं दिसलं की आमचे हात आपोआप जुळतात.

महिनाबी झाला न्हाई. सेनगावच्या अलीकडं चढावर जीप उकळली. आत माणसं खचाखच. प्रभू घाबरला अन् तसंच गरम टोपण त्यानं फिरवलं. वाफेनं टोपण उडालं अन् उकळतं पाणी त्याच्या हातावर आलं, पंजापासून कोपरापर्यंत. कातडं सोलून निघालं माह्या लेकराचं. तोंड वाचलं ते नशीब.

जीप ओढून हिंगोलीला नेली. तिथं मुन्ना मिस्तरी होता, तोंडात सदा पान अन् बोलणं सारं हिंदी. त्यानं पाणी पाहिलं अन् जो हसत सुटला तो थांबंना. "चाचा, ये भंडारा नहीं है. हल्दी है, हल्दी." मंग त्यानं समजावून सांगितलं. रेडिएटर फुटका असला की लोक त्यात दोन मुठी हळद टाकतात. ती फुगून भोकात बसते अन् गळणं थांबतं. गाडी विकंपर्यंत थांबलं की बस झालं. मंग तीच हळद आतल्या बारक्या नळ्यात जाऊन बसते, पाणी फिरत न्हाई अन् इंजिन उकळतं. म्हणला, "पुरानी गाडी लेनी हो तो सुबह जाओ, ठंडी गाडी देखो. ढक्कन खोलो, पानी में उंगली डालो. और नीचे की जमीन देखो, गीली है क्या. टायर को लात मारने से क्या होता है?"

म्हातारा दोन दिस जेवला न्हाई. मंग बाळापूरला गेला त्या माणसाला जाब विचारायला. तो माणूस म्हणला, "म्या कुठं म्हणलं भंडारा हाय? तुमीच म्हणलात." अन् ते बराबर होतं. तो तसं म्हणलाच नव्हता. म्हातारा तसाच माघारी आला.

मुन्नानं हळद काढली, कथलाचा डाग देऊन भोक बुजवलं. ती जागा बंद झाली तर दुसरीकडून गळायला लागलं. इंजिनबी उकळून उकळून वाकडं झालं होतं म्हणे. मुन्ना म्हणला, सारं नवं टाकायचं तर त्यात दुसरी जीप येईल. प्रभू पाण्याचे डबे भरून जीपमधी ठेवायचा अन् जागोजागी थांबून पाणी टाकायचा. लोक बसायच्या आधी विचारायचे, "प्रभू, पाणी हाय का रे?" आधी चेष्टेनं विचारायचे. मंग बसायचेच बंद झाले.

एके दिवशी प्रभू जेवताना म्हणला, "आखितीच्या सणापर्यंत जीप गेली तर मेंढरं घेऊ अन् मी इथंच राहीन. न्हाई गेली तर मोहिनीला अन् राधीला घेऊन पुण्याला जातो. तिथं ड्रायव्हर पाहिजेत."

राधी माही नात, राधिका. तीन वर्षांची. मायपाशी कधी निजली न्हाई. म्हाताऱ्याच्या घोंगड्यात शिरल्याबिगर तिचा डोळा लागत न्हाई. म्हाताऱ्यानं ते ऐकलं, ताटातली भाकर तशीच ठेवली अन् हात धुतला. पण तोंडातून शब्द काढला न्हाई. त्याचं ते जन्माचं हाय. मेंढरायशी दिसभर बोलंल, माणसाशी बोलायचं म्हणलं की तोंडाला कुलूप.

मंग जवळा बाजारकडून उकंडरावचा निरोप आला. त्याला पोरासाठी जीप पाहिजे होती. निरोप आणणारा म्हणला, तुमच्यासारखीच माणसं हायती, मागच्या बाजारी खांड विकलं. हे ऐकलं अन् वाटलं, हीबी आमच्यासारखीच फसायची. पण त्याच घडीला असंबी वाटलं, गेली तर राधी राहती. दोन्ही खरं. काय करणार.

अन् आता कोरडं घमेलं माह्यापुढं. प्रभू पावण्यायला आणायला फाट्यावर गेलेला. म्या तरातरा म्हाताऱ्याकडं गेले. तो मेंढरायच्या वाड्यापाशी बसला होता. चैताचं ऊन तोंडावर आलं होतं अन् हा अंगावर घोंगडं घेऊन, दोन्ही हात आत.

"ताप हाय का? घोंगडं काहून घेतलं?" म्या विचारलं.

"न्हाई."

"डब्यातली हळद गेली. घमेलं कोरडं हाय. तुमच्या लेकानं काय केलं कळलं का तुमाला?"

तो मेंढरायकडंच पाहून राहिला. "पावणे येऊन जाऊ दे," म्हणला.

"येऊन जाऊ दे? अन् उद्या त्यायच्या पोराचं तोंड भाजलं मंग?"

त्यानं घोंगडं अजून गच्च ओढून घेतलं. मला असा संताप आला. हा तोच माणूस, ज्यानं उभ्या जन्मात जनावराची खोड लपवली न्हाई. बाजारात मेंढी विकताना आधी सांगायचा, ही पिलाला पाजत न्हाई, ही कुंपण पाहिलं की उडी मारती. गिऱ्हाईक निघून जायचं. मी कपाळाला हात लावायचे. एकदा जवळ्याच्या बाजारात तर एका माणसानं म्हणलं होतं, ज्ञानबा, तू इकायला आलास का जनावरायची बदनामी करायला? अन् आज पोराचं पाप दिसतंय तरी गप बसून राहिला होता. म्या म्हणलं, लेकराच्या मायेनं माणूस आंधळा होतो ते असं.

पण खरं सांगायचं तर म्याबी जीपकडं गेले न्हाई. मला एकदा वाटायचं, जाऊन ते पाणी सांडून द्यावं. एकदा वाटायचं, आपल्याला काय ठाऊक हाय, आपण भाजी पाहावी. राधी अंगणात कोंबड्यायमागं पळून राहिली होती. चुलीवर भाजी करपली तरी मला वास आला न्हाई, मोहिनीनं उतरवली.

तेवढ्यात प्रभू पावणे घेऊन आला. उकंडराव उंच, पागोटं बांधलेला. त्याची बायको भिकाबाई हडकुळी, माह्याच वयाची. तिच्या पदराला एक गाठ मारलेली होती. गाठीत काय होतं ते पिवळ्या डागावरून कळत होतं. जीप पसंत पडली तर उधळायला भंडारा घरूनच घेऊन आली होती.

पावण्यायचं पाणी पिऊन झालं. उकंडराव उठला अन् जीपभोवती फिरला. टायरला लाथ मारली. गादी दाबून पाहिली. मी दारात उभी राहून पाहत होते, अन् मला वाटलं, हा आमचाच म्हातारा हाय, दोन वर्षांमागचा.

प्रभू पुढं झाला. "पावणं, गाडी घ्यायच्या आधी एक..."

"प्रभू," म्हातारा वाड्यापासून बोलला, "आधी लोकायला चहा आण."

"बा, मी काय म्हणतो..."

"चहा आण म्हणलं ना."

प्रभू आत आला. म्या त्याच्याकडं पाहिलं, त्यानं माह्याकडं पाहिलं न्हाई. म्या मनात म्हणलं, कसा पाहशील.

तो चहा घेऊन बाहेर गेला, तेव्हा उकंडरावनं जीपच्या तोंडाशी जाऊन विचारलं, "हे उघडता का जरा?" प्रभूनं कप खाली ठेवले. खिशातून फडकं काढलं, हात भाजल्यापासून ते फडकं तो सोडत न्हाई. टोपण फिरवलं.

पाणी पिवळं धमक.

प्रभूचं तोंड उतरलं. टोपण तसंच हातात राहिलं. म्या मनात म्हणलं, आता लाज वाटून राहिली, टाकताना वाटली न्हाई.

उकंडराव वाकला. पाहिलं. अन् त्यानं दोन्ही हात जोडले. "भिके, ये. पाया पड. देवाची गाडी हाय."

भिकाबाई आली. पदर डोक्यावर घेतला, त्या पाण्यात बोट बुडवलं अन् कपाळाला लावलं. मंग पुन्हा बोट बुडवलं अन् माह्याकडं वळली. बाईनं बाईला लावायची रीतच हाय आपल्यात, त्यात तिचं काय चुकलं. मी मागं सरकले तर ती हसली अन् माह्या कपाळाला बोट टेकवलं. थंडगार पाणी नाकावर ओघळलं.

"चांगल्या माणसायची गाडी भेटली बाई," ती म्हणली. "मला लई भेव वाटत होतं. पोरगं पहिल्यांदा गाडी धरणार, म्या रातीपासून जेवले न्हाई. आता जिवाला बरं वाटलं." अन् ती पदराची गाठ सोडायला लागली.

मला राहवलं न्हाई. काय बोलायचं ते ठरवलंबी नव्हतं.

"बाई, गाठ सोडू नका," म्या म्हणले. "ही देवाची हळद न्हाई. माह्या डब्यातली हाय. कालच दळून आणलेली."

तिची बोटं गाठीवरच राहिली. म्या मंग थांबले न्हाई. रेडिएटर फुटका हाय म्हणून सांगितलं, हळद कशाला टाकतात ते सांगितलं, बाळापूरचं सांगितलं. प्रभूचा हात धरला अन् सदऱ्याची बाही वर केली. ते चट्टे पाहून भिकाबाईनं तोंडावर पदर घेतला.

उकंडराव सावकाश सरळ झाला. "मंग आमाला बोलवलं काहून?" त्यानं प्रभूला विचारलं. आवाज चढवला न्हाई, पण तसं विचारणं लई वाईट.

"माय," प्रभू म्हणला, "म्या टाकली न्हाई हळद."

"मंग काय कोंबड्यायनं टाकली?"

"शपत घेतो. मी तर सांगूनच इकणार होतो. जेवढे येतील तेवढ्यात."

"आता शपत घेतोस व्हय? सकाळपासून..."

"म्या टाकली."

आमी साऱ्यायनं वळून पाहिलं. म्हातारा उभा राहिला होता. घोंगडं खाली पडलं होतं. हात मनगटापर्यंत पिवळे, नखं तर भंडाऱ्यात बुडवल्यासारखी. सकाळपासून तो ते हात घोंगड्यात घेऊन बसला होता, अन् मी त्याला ताप हाय का म्हणून विचारत होते.

"पोराला ठाऊक न्हाई," तो उकंडरावला म्हणला. "ते सांगायलाच निघालं होतं, म्या गप केलं. मुन्ना मिस्तरीनं सांगितलं होतं कशी टाकतात ते. ते ध्यानात राहिलं." मंग तो थांबला. राधी त्याच्या धोतराला येऊन बिलगली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला अन् हात पाहून मागं घेतला. "ही माह्यापाशी निजते," म्हणला. "हिला घेऊन चालला होता तो."

एवढंच बोलला. उभ्या जन्मात एवढं बोललेलं म्या पाहिलं नव्हतं.

उकंडरावनं चहाला हात लावला न्हाई. जाता जाता म्हाताऱ्यापुढं थांबला. "ज्ञानबा, तुझं नाव बाजारात ऐकून आलो होतो मी. ज्ञानबा खोड सांगून इकतो म्हणून. न्हाई तर एवढ्या लांब आलो नसतो." म्हाताऱ्यानं हात पाठीमागं घेतले. भिकाबाईनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं अन् कपाळ पुसलं. पुसून माह्याकडं पाहिलं अन् वळली. दोघं प्रभूसंगं फाट्याकडं चालायला लागले. गाठ तशीच होती पदराला.

त्यायला सोडून प्रभू परत आला तो थेट जीपकडं गेला. जीपखाली शिरून तोटी सोडली. सारं पिवळं पाणी घमेल्यात आलं, ते त्यानं उकिरड्यावर नेऊन फेकलं. दोन-तीनदा चांगलं पाणी टाकलं अन् सोडलं. शेवटी भरून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत पुन्हा ठिपकायला लागलं. टप टप. मोहिनीनं घमेलं पुन्हा खाली सरकवलं.

मंग प्रभू बापापाशी जाऊन बसला. खिशातलं फडकं काढलं, रॉकेलमधी भिजवलं अन् बापाचा हात मांडीवर घेऊन घासायला लागला, स्वताच्या हाताचं ग्रीस काढतो तसा. एक एक बोट घासलं. म्हातारा घासू देत होता, लेकरासारखा.

"निघत न्हाई, बा," शेवटी म्हणला. "आठ-दहा दिस राहील ही."

"राहू दे," म्हातारा म्हणला.

मी चुलीपुढं बसून ऐकत होते. मला म्हाताऱ्याचा राग येत होता, प्रभूला सकाळपासून शिव्या दिल्या त्याचं वाईट वाटत होतं, अन् आता हे पोरगं जाणार हे कळून चुकलं होतं. तोंड उघडलं नसतं तर राहिलं असतं. पण भिकाबाईचं बोट कपाळाला लागल्यावर तोंड बंद ठेवणं माह्याच्यानं झालं नसतं, हेबी खरं हाय.

आखिती झाली अन् प्रभू निघाला. एकटाच. आदल्या दिवशी मोहिनी ट्रंक भरून राहिली होती तर त्यानं तिची लुगडी अन् राधीचे झबले काढून परत दोरीवर टाकले. मला म्हणला, "तुमी साऱ्याजणी इथंच राहा. मी दिवाळीला येतो. बापापाशी कोणीतरी निजायला पाहिजे."

फाट्यावर एसटी आली तेव्हा म्हातारा जवळ आला न्हाई. पलीकडं बांधावर दहा मेंढ्या घेऊन उभा होता, राधी खांद्यावर. प्रभूनं खिडकीतून हात केला. राधीनं केला. म्हाताऱ्यानंबी हात वर केला अन् एसटी वळणावर गेली तरी खाली घेतला न्हाई.

म्या बांधावर गेले. नखात हळद अजून तशीच होती.

"जलमभर कधी खोटं केलं न्हाई ते पोरासाठी केलं तुमी," म्या म्हणले. "त्याच्यापेक्षा एकदा नुसतं 'जाऊ नको' म्हणायचं होतं त्याला."

त्यानं राधीला खांद्यावर सावरलं.

"म्हणलं असतं, तर राहिला असता का?" त्यानं विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. म्या राधीला त्याच्या खांद्यावरून खाली घेतलं, अन् आमी मेंढ्या वळवून घराकडं निघालो.